डिकीत वाजणारा ऑर्गन

२००० सालचा एक व्हिडिओ. त्रिनिदादचा कार्निव्हल, निळ्या पाण्यावर यॉट, शॅम्पेनच्या बाटल्या, नाचणारी गर्दी. गाणं 'बिग पिंपिन'. मुख्य रॅपर न्यूयॉर्कचा जे-झी, बीट, म्हणजे शब्दांमागचा ताल आणि वाद्यमेळ, व्हर्जिनियाच्या टिंबालँडचा, दिग्दर्शन हाइप विल्यम्सचं. टेक्सासहून दोन पाहुणे बोलावले होते, बन बी आणि पिंप सी. बन बी आला. पिंप सी त्रिनिदादला गेलाच नाही. त्याचा तुकडा मायामीत वेगळा चित्रित करावा लागला, आणि तिथे तो आला अंगात मिंकचा फरकोट घालून. एवढ्या उकाड्यात कोट कशाला, असं कुणीतरी विचारलं, तर टीव्हीवर काही तापमान दिसत नाही, अशा अर्थाचं उत्तर त्याने दिलं. हा किस्सा बन बीने पुढे अनेकदा सांगितला आहे.

किस्सा मजेचा आहे, पण मला त्यात एक वेगळी गोष्ट दिसते. देशभर पोहोचायची एवढी मोठी संधी दारात आली, तरी हा माणूस विमानात बसला नाही. गाण्यातही तिघांपैकी सर्वांत छोटं कडवं त्याचंच. तो आळशी नव्हता, बुजराही नव्हता. हे गाणं आपलं नाही, असं त्याचं मत होतं, आणि मत लपवायची त्याला सवय नव्हती.

पिंप सी म्हणजे चॅड लॅमाँट बटलर. जन्म २९ डिसेंबर १९७३, मृत्यू ४ डिसेंबर २००७. चौतिशी पुरी व्हायला पंचवीस दिवस राहिले होते. रॅपर, गायक, आणि मुख्य म्हणजे प्रोड्यूसर. आपल्याकडे प्रोड्यूसर म्हटलं की पैसे घालणारा शेठ डोळ्यांपुढे येतो. हिप हॉपमध्ये प्रोड्यूसर म्हणजे चाल, ताल आणि वाद्यमेळ उभा करणारा, म्हणजे आपल्या भाषेत संगीतकार. बन बीबरोबरच्या त्याच्या जोडीचं नाव यूजीके, म्हणजे 'अंडरग्राउंड किंग्झ'.

आता पेच असा. या जोडीची सर्वांत जास्त लोकांनी ऐकलेली गाणी तीन: 'बिग पिंपिन', 'सिपिन ऑन सम सिरप' आणि 'इंटरनॅशनल प्लेयर्स अँथम'. यांतल्या एकाचाही बीट पिंप सीचा नाही. आणि तरी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या रॅपवाल्यांना विचारा, संगीतकार म्हणून गुरू कोण? पहिल्या तीन-चार नावांत त्याचं नाव येतंच. हिट गाणी दुसऱ्यांच्या बीटवर आणि कीर्ती स्वतःच्या नादावर, हा हिशेब जुळतो कसा, एवढंच या प्रकरणात पाहायचं आहे.

त्याच्या टोपणनावाबद्दल एकदाच बोलून घेतो. पिंप म्हणजे बायकांच्या कमाईवर जगणारा दलाल. सत्तरच्या दशकातल्या कृष्णवर्णीय अमेरिकेच्या सिनेमांनी त्या पात्राला रंगीत कोट आणि लांबलचक गाड्या देऊन नायक केलं, आणि या मुलाने ते सोंग उचललं. बाईबद्दलची त्याच्या ओळींतली भाषा आज ऐकवत नाही, तेव्हाही ऐकवण्याजोगी नव्हती. तिची वकिली मी करणार नाही. गंमत एवढीच, की या स्वयंघोषित पिंपच्या गटाचा सगळा कारभार पाहायची त्याची आई. वेसलिन मन्रो, सगळ्यांच्या 'मामा वेस'.

तेलाचं गाव, बँडमास्तरचं घर

पोर्ट आर्थर हे टेक्सासच्या अगदी पूर्व टोकाचं गाव. पलीकडे सबीन तळं आणि लुईझियाना. ह्यूस्टन तिथून साधारण दीडशे किलोमीटर. १९०१ साली जवळच्या बोमाँटला स्पिंडलटॉपच्या विहिरीतून तेलाचा फवारा उडाला आणि त्यानंतर या भागात तेलशुद्धीकरणाचे कारखाने उभे राहिले. गल्फ आणि टेक्साको या दोन्ही कंपन्यांचे मोठे कारखाने पोर्ट आर्थरला होते. जॅनिस जॉप्लिन याच गावची. लोकसंख्या साठ हजारांच्या आत, हवेला तेलाचा वास, आणि कारखान्यांतली कामं कमी होत गेली तशी रिकाम्या झालेल्या वस्त्या.

चॅडच्या घरात संगीत दोन वाटांनी आलं. वडील ट्रम्पेट वाजवायचे. आईने पुढे लग्न केलं ते बिल मन्रोंशी, आणि ते शाळेत बँड शिकवायचे. मुलगा शाळेच्या गायनवृंदात होता, टेनर आवाजात एकट्याने गाऊन त्याने राज्य पातळीवरच्या परीक्षांत वरचा दर्जा मिळवला होता. म्हणजे ज्याच्या तोंडी पुढे शिव्यांखेरीज एक ओळ पुरी होत नसे, तो पोरगा नोटेशन वाचून गाणारा होता. पोराने घरात रॅप सुरू केला तेव्हा सावत्र वडिलांनी त्याला गोंगाट म्हटलं, आणि त्यात जरा संगीत घाल म्हणजे पैसे मिळतील, असं सुचवलं. पिंप सी हे पुढे स्वतःच सांगायचा.

हे वाक्य त्याने शब्दशः घेतलं. त्या काळचा न्यूयॉर्कचा रॅप बहुधा जुन्या रेकॉर्डमधला तुकडा कापून, तोच पुन्हापुन्हा फिरवून उभा राहायचा. त्याला 'सॅम्पल' म्हणतात. पिंप सीचा कल वेगळा. गिटार, बास, ऑर्गन वाजवणारी माणसं आणायची, जुनं गाणं मनात धरायचं, पण खोलीत नव्याने वाजवायचं. चर्चमधला ऑर्गन, ब्लूजमधली गिटार आणि वर ढोलाचा यंत्रातला ठोका. आपल्या संगीताला हिप हॉप म्हणायला तो तयार नसे. 'कंट्री रॅप ट्यून्स' हा त्याचा शब्द. कंट्री म्हणजे इथे खेड्याकडचं, गावाकडचं. न्यूयॉर्कवाले ज्या शब्दाने हिणवायचे, तोच त्याने पाटी म्हणून लावला.

नव्याने वाजवण्यामागे फक्त कान नव्हता, व्यवहारही होता. डिसेंबर १९९१मध्ये न्यूयॉर्कच्या एका संघराज्य न्यायालयाने बिझ मार्की या रॅपरला परवानगीशिवाय सॅम्पल वापरल्याबद्दल दणका दिला. त्यानंतर प्रत्येक कंपनी सॅम्पलची परवानगी आधी मागू लागली. सॅम्पल घ्यायचं तर दोन परवानग्या लागतात: एक मूळ ध्वनिमुद्रणाच्या मालकाची, दुसरी चालीच्या मालकाची. तेच गाणं स्वतः वाजवून घेतलं तर पहिली लागत नाही, फक्त चालीचे पैसे द्यावे लागतात. ज्या पोराचा पहिला करार १९९२चा, त्याच्या हाती वाद्यं वाजवणारी माणसं असणं ही चैन नव्हती. पण केवळ पैशासाठी त्याने हे केलं असं मला वाटत नाही. पैसे वाचवणारे बाकीचे सगळे मग स्वस्त कीबोर्डवर गेले. हा ऑर्गनकडे गेला.

फ्ली मार्केट ते जाइव्ह

पहिली कॅसेट 'द सदर्न वे' १९९२ची. ती काढली बिगटाइम रेकॉर्ड्झने, आणि या कंपनीचा पत्ता होता ह्यूस्टनमधला किंग्ज फ्ली मार्केट. आपल्याकडच्या जुन्या बाजारासारखी जागा: चपला, घड्याळं, गाडीचे स्पीकर आणि मध्ये कॅसेटचा ठेला. ठेल्याचा मालक रसेल वॉशिंग्टन हाच कंपनीचा मालक. याला कमी समजू नका. कोणतं गाणं विचारत लोक परत येतात, हे ठेल्यावरच्या माणसाला रेडिओवाल्याच्या आधी कळतं.

कॅसेट इतकी चालली की न्यूयॉर्कच्या जाइव्ह रेकॉर्ड्सने जोडीला करारात बांधलं आणि त्याच वर्षी 'टू हार्ड टू स्वॅलो' हा पहिला अल्बम आला. इथेच पहिली ठिणगी पडली. काही गाणी जाइव्हने अल्बममधून वगळली. ती बिगटाइमने 'बॅन्ड' नावाने वेगळी काढली. पोरांना धडा मिळाला: मोठी कंपनी म्हणजे मोठा ट्रक, पण ट्रकमध्ये काय भरायचं हे तीच ठरवणार. १९९३मध्ये 'पॉकेट फुल ऑफ स्टोन्स' हे गाणं 'मेनेस टू सोसायटी' सिनेमाच्या अल्बममध्ये गेलं, १९९४मध्ये 'सुपर टाइट' आला. या अल्बमबद्दल इथे एवढंच पुरे, कारण सगळं घडलं ते पुढच्यात.

१९९६: एकही सिंगल नाही

३० जुलै १९९६ला 'रायडिन डर्टी' बाजारात आला. एक वर्ष आधी, ऑगस्ट १९९५मध्ये, न्यूयॉर्कला सोर्स मासिकाच्या पुरस्कार सोहळ्यात अटलांटाच्या आउटकास्ट जोडीला नवोदितांचं बक्षीस मिळालं, तेव्हा सभागृहाने त्यांची हुर्यो उडवली होती. दक्षिणेलाही काही सांगायचं आहे, असं त्या जोडीतला आंद्रे थ्री थाउजंड तिथे माइकवर बोलला. दक्षिणेच्या रॅपला तेव्हा काय भाव होता, ते यावरून समजावं.

जाइव्हने 'रायडिन डर्टी'साठी काय केलं? एकही सिंगल, म्हणजे अल्बममधलं एखादं गाणं जाहिरातीसाठी वेगळं, काढलं नाही, एकही व्हिडिओ केला नाही. अल्बम छापला आणि दुकानांत पाठवला. तो बिलबोर्ड मासिकाच्या अल्बमच्या मुख्य यादीत १५व्या क्रमांकावर गेला, आर अँड बी यादीत दुसऱ्यावर, आणि पाच लाखांच्या पुढे खपून गोल्ड ठरला. टीव्हीवर न दिसता.

हे झालं कसं, हे समजून घ्यायचं तर ऐकण्याची जागा समजून घ्यायला हवी. मी हा अल्बम पहिल्यांदा लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकला आणि दोन गाण्यांनंतर बंद केला. सपाट वाटला. नंतर एका मित्राच्या जुन्या गाडीत, डिकीत वूफर बसवलेला, तिथे 'डायमंड्स अँड वुड' लावलं. बास आधी पाठीच्या कण्यात शिरला, मग कानात. गाणी तीच, पण मी आधी अर्धीच ऐकली होती.

ह्यूस्टन आणि आसपासच्या भागात हेच वाद्य होतं: गाडी. जुनी कॅडिलॅक किंवा ब्यूक, लॉलिपॉपसारखा चकचकीत रंग, चाकांतून बाहेर आलेल्या तारांच्या टोकदार रिम, लाकडी स्टिअरिंग, डिकीत स्पीकरच स्पीकर. त्या गाड्यांना 'स्लॅब' म्हणतात. 'डायमंड्स अँड वुड'मधलं वुड म्हणजे ते लाकडी स्टिअरिंग. अशी गाडी जोरात हाकायची नसते, सावकाश मिरवायची असते. त्याच गावात डीजे स्क्रू घरी बसून गाण्यांचा वेग खाली ओढून कॅसेट भरत होता आणि त्या हातोहात जात होत्या. या कानांना मंद, खोल, न घाईचं संगीत हवं होतं. पिंप सी ते बनवत होता. रेडिओला साडेतीन मिनिटांत पकड घेणारं धृपद लागतं. रात्री गाडीत बसलेल्या माणसाकडे एक तास असतो.

'वन डे' घ्या, अल्बमचं पहिलं पुरं गाणं. आयझली ब्रदर्सच्या १९७४ सालच्या 'एंट आय बीन गुड टू यू'वर ते बेतलेलं आहे. सुरुवातीला गिटार जणू विव्हळते, मग रॉनी स्पेन्सरचा आवाज: आज आहेस, उद्या नसशील, एवढाच त्याचा आशय. पाहुणा मिस्टर थ्री-टू पहिलं कडवं म्हणतो, मग बन बी, शेवटी पिंप सी. त्याच्या कडव्यात एका मित्राचं मूल घराच्या आगीत जातं. रात्री गुडघे टेकून तो देवाला विचारतो, खुनी जगतात आणि माझ्या मित्राचं पोर का नेलंस? इथे ना फरकोट आहे ना पिंप. ज्या पोराने शाळेत गायनवृंदात गायलं, चर्चचा ऑर्गन कानात घेतला, तो बोलतो आहे. गिटार त्याच्या शब्दांच्या पुढे धावत नाही, त्याला जागा करून देते. याला मी संगीतकार म्हणतो. गाण्यात दुःख आहे हे सांगायला त्याने व्हायोलिन आणलं नाही, ठोका फक्त थोडा मागे ठेवला.

अल्बममध्ये सगळं त्याचं एकट्याचं नव्हे. न्यू ऑर्लिन्सचा प्रोड्यूसर एन. ओ. जो याचा वाटा मोठा आहे. गाण्यांच्या मधे मिसिसिपीच्या तुरुंगात असलेला त्यांचा मित्र स्मोक डी बोलतो, तिथूनच भरून पाठवलेल्या टेपवर. त्यामुळे अल्बमभर एक माणूस आत आहे आणि बाकीचे बाहेर गाडीत फिरताहेत, अशी घडण आपोआप तयार होते. पुढे काय होणार होतं ते माहीत असल्यामुळे आज हे ऐकताना अंगावर येतं.

पाच वर्षांची खीळ

सिंगल न काढताही पाच लाख खपतात, यावरून कंपनीने काय निष्कर्ष काढावा? मला वाटतं, जाइव्हने सोयीचा काढला: या मंडळींवर खर्च करायची गरज नाही. पुढचा अल्बम 'डर्टी मनी' यायला नोव्हेंबर २००१ उजाडलं. मधल्या काळात कंपनी आणि जोडी यांच्यात खटके उडत राहिले. जाइव्हचं घर मात्र भरत होतं. बॅकस्ट्रीट बॉइज, ब्रिटनी स्पिअर्स, 'एनसिंक' हे सगळे त्याच छपराखाली. अशा घरात पोर्ट आर्थरच्या दोघांचा फोन कोण आधी उचलणार?

याची दुसरी बाजूही आहे, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. जाइव्हने लक्ष दिलं असतं तर काय केलं असतं? रेडिओसाठी धृपद मागितलं असतं, गाणं छोटं करायला सांगितलं असतं, न्यूयॉर्कचा एखादा प्रोड्यूसर बसवला असता. दुर्लक्षामुळेच 'रायडिन डर्टी' जसा आहे तसा राहिला. म्हणजे पिंप सीचा नाद वाचला तो उपेक्षेमुळे, आणि हिट झाला नाही तोही उपेक्षेमुळे. त्याचं श्रेय मी जाइव्हला मात्र देणार नाही.

२०००: दुसऱ्यांच्या दारात

स्वतःचा अल्बम अडकलेला असताना देशाला जोडी माहीत झाली ती पाहुणी म्हणून. जे-झीने 'रायडिन डर्टी' ऐकलेला होता. 'बिग पिंपिन' एप्रिल २०००मध्ये सिंगल म्हणून आलं आणि बिलबोर्ड हॉट १००मध्ये १८व्या क्रमांकापर्यंत गेलं. टिंबालँडच्या बीटमधली बासरी इजिप्तची. बलिग हमदींनी रचलेलं, अब्देल हलीम हाफिझ यांनी १९५७ साली गायलेलं 'खुसारा' तिच्यामागे आहे. हमदींच्या पुतण्याने त्यावरून २००७मध्ये दावा लावला, तो २०१५मध्ये न्यायाधीशांनी दावेदाराला हक्कच नाही म्हणून काढून टाकला, २०१८मध्ये अपिलातही तेच कायम राहिलं. टेक्सासचा माणूस, न्यूयॉर्कचं गाणं, कैरोची बासरी. ऑर्गनवाल्या पिंप सीला त्यात आपलं घर कुठे दिसणार?

बन बी त्याला समजावत राहिला आणि शेवटी तो गायला. आपल्या छोट्या कडव्यात त्याने कपातल्या सिरपचा उल्लेख केला. त्याच वर्षी मेम्फिसच्या थ्री सिक्स माफिया या रॅप गटाच्या 'सिपिन ऑन सम सिरप'मध्येही जोडी आली. बीट त्याच गटातल्या डीजे पॉल आणि ज्यूसी जेचा, आणि विषय उघडच होता: कोडीन आणि प्रोमेथाझिन असलेलं खोकल्याचं औषध सोड्यात ओतून पिणं. नोव्हेंबर २०००मध्ये डीजे स्क्रू मेला. शवचिकित्सेत कोडीन सापडलं. गाणं मात्र वाजत राहिलं.

आत

ह्यूस्टनच्या एका मॉलमध्ये भांडण झालं, पिंप सीने बंदूक काढली, गंभीर हल्ल्याचा गुन्हा लागला. सुरुवातीला प्रोबेशन मिळालं, समाजसेवेचे तास भरण्याच्या अटीवर. तास भरले गेले नाहीत. २००२च्या सुरुवातीला आठ वर्षांची शिक्षा झाली. देशाने नुकतं नाव ऐकलं होतं, 'डर्टी मनी' दुकानात येऊन दोन-तीन महिने झाले होते, आणि जोडीतला संगीतकार आत. तेही कुणाचा जीव घेतला म्हणून नव्हे, तास भरायचे राहिले म्हणून.

बन बीने पुढची चार वर्षं जे केलं त्याला तोड नाही. दक्षिणेत कुणीही बोलावलं की जायचं, कडवं म्हणायचं, आणि जाता जाता 'फ्री पिंप सी' म्हणायचं. ते शब्द टी-शर्टवर छापले गेले, इतरांच्या गाण्यांत आले. न केलेल्या गाण्यांनी पिंप सी जेवढा मोठा झाला, तेवढा केलेल्या गाण्यांनीही झाला नसेल. २००५मध्ये रॅप-अ-लॉट कंपनीने त्याच्या जुन्या ध्वनिमुद्रणांतून अल्बम काढला, बन बीचा स्वतःचा 'ट्रिल' आला, आणि सप्टेंबरमध्ये रीटा वादळाने पोर्ट आर्थरला झोडपलं. हे सगळं झालं तेव्हा तो तुरुंगात होता. ३० डिसेंबर २००५ला तो पॅरोलवर सुटला.

बाहेर आला तो जग बदलल्यावर. ह्यूस्टनचा माइक जोन्स, पॉल वॉल, स्लिम थग हे टीव्हीवर होते. स्क्रूने रेंगाळवलेले आवाज, स्लॅब गाड्या, सिरप, सगळं देशाच्या दिवाणखान्यात पोहोचलं होतं. ज्या बाजाराला त्याने माल पुरवला त्या बाजारात दुसऱ्यांचे गल्ले मांडलेले. पण एक गोष्ट त्याच्या पथ्यावर पडली: आता दक्षिणेचा कान हाच देशाचा कान होता. जुलै २००६मध्ये आलेला त्याचा एकट्याचा 'पिंपलेशन' बिलबोर्डवर तिसऱ्या क्रमांकावर उतरला.

२००७: ढोल कधी येतो

७ ऑगस्ट २००७ला 'अंडरग्राउंड किंग्झ' हा दुहेरी अल्बम आला, जाइव्हकडूनच. पहिल्या आठवड्यात सुमारे १ लाख ६० हजार प्रती खपल्या आणि तो बिलबोर्डवर थेट पहिल्या क्रमांकावर गेला. पहिली कॅसेट निघाल्याला पंधरा वर्षं झाली होती. एका गाण्यात न्यूयॉर्कचे ज्येष्ठ बिग डॅडी केन आणि कूल जी रॅप आहेत आणि बीट मार्ली मार्लचा. ज्या शहराने दक्षिणेची हुर्यो उडवली, तिथले बुजुर्ग पोर्ट आर्थरच्या अल्बमात पाहुणे.

सगळ्यांत गाजलं 'इंटरनॅशनल प्लेयर्स अँथम'. बीट डीजे पॉल आणि ज्यूसी जेचा, आणि तो नवाही नव्हता. २००२मध्ये प्रोजेक्ट पॅट या रॅपरच्या 'चूझ यू'मध्ये तो वापरून झाला होता. त्यामागचा सॅम्पल विली हचच्या १९७३च्या 'आय चूझ यू'चा, आणि ते गाणं 'द मॅक' सिनेमातलं, म्हणजे एका पिंपच्याच गोष्टीतलं. त्यावर पाहुणे कोण, तर आउटकास्ट.

हे गाणं कान देऊन ऐका. सुरुवात आंद्रेची. तो लग्न करायचं ठरवलेल्या माणसाचं मनोगत म्हणतो, आणि त्याच्या खाली ढोल नाही. हचचा आवाज आणि शिंगवाद्यं नुसती लहरत राहतात. कडवं संपतं, क्षणभर सगळं लोंबकळतं, आणि पिंप सीचा तो नाकातला, ताणलेला, गावरान आवाज शिरतो तेव्हा ढोल कोसळतो. बीट दुसऱ्याचा, सॅम्पल तिसऱ्याचा, रचना चौथ्याने बदललेली, पण गाणं सुरू होतं ते तो तोंड उघडतो तेव्हा. व्हिडिओत चर्चमधलं लग्न आहे, आंद्रे स्कॉटिश घागऱ्यात. ग्रॅमीला नामांकन मिळालं.

आता सुरुवातीच्या पेचाकडे. हिट गाणी दुसऱ्यांची का? माझं उत्तर असं, की त्याने बनवलेलं संगीत हिट होण्याच्या आकाराचंच नव्हतं. ते एका तासाच्या आकाराचं होतं, गाडीच्या आकाराचं होतं. हिट गाण्याला एक चमकदार वस्तू लागते, इजिप्तची बासरी किंवा विली हचचा उमाळा, जी दहा सेकंदांत अनोळखी माणसाला थांबवते. त्याचा ऑर्गन थांबवत नाही, सोबत येतो. बीटवाल्यांना मात्र तो कळला होता. मिसिसिपीच्या मेरिडियनचा बिग क्रिट हा २०१०पासून स्वतः रॅप करतो, स्वतः बीट बनवतो, त्याचं संगीत ऐकताना ऑर्गन आणि बास कुठून आले हे विचारावं लागत नाही.

यावर कुणी म्हणेल, की मग 'अँथम'चं काय, ते त्याने मनापासून केलं ना? केलं. 'बिग पिंपिन'ला तो परक्या घरी गेला होता, इथे परक्यांना त्याने आपल्या घरी बोलावलं. मेम्फिस, अटलांटा, पोर्ट आर्थर, सगळी दक्षिण. जरी त्याच वर्षी एका मुलाखतीत, अटलांटा पूर्वेच्या वेळेवर चालते म्हणून ती दक्षिणच नव्हे, असं म्हणून त्याने सगळ्यांना चिडवून ठेवलं होतं.

४ डिसेंबर २००७ला वेस्ट हॉलिवूडच्या मॉंड्रियन हॉटेलच्या खोलीत तो मृतावस्थेत सापडला. लॉस एंजेलिसच्या कॉरोनरने, म्हणजे मृत्यूचं कारण तपासणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याने, पुढच्या फेब्रुवारीत कारण सांगितलं: प्रोमेथाझिन आणि कोडीनचा परिणाम, त्यात झोपेत श्वास अडकण्याचा जुना आजार. अपघाती मृत्यू. झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसाचा श्वास ते औषध आणखी मंद करतं.

बन बीने उरलेली ध्वनिमुद्रणं जमवली आणि ३१ मार्च २००९ला 'यूजीके फोर लाइफ' बाजारात आला. त्यातला पिंप सीचा आवाज सगळा आधीचा. वर शिक्का जाइव्हचाच होता.